वीस वेळा

नसबंदीला तीन महिने झाले होते. "निदान वीस वेळा जवळ आल्यावर तपासणीला या, तोवर जपून," असं डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं.

"झालं वीस वेळा?" त्यांनी विचारलं.

नवरा बायकोकडे बघू लागला आणि बायको भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"तीनदा," शेवटी तीच म्हणाली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "हे बघा, या ऑपरेशननं पुरुषाची ताकद जात नाही. उगाच मनात भीती धरू नका."

"भीती कसली, डॉक्टर?" नवरा डोळे चोळत म्हणाला. "मी पहाटेची बस काढतो, ही रात्रपाळी करून येते. घराची किल्ली दारातच हिच्या हातात ठेवतो, तेवढाच काय तो स्पर्श. वर तीन पोरं."

"मग हे तीनदा तरी कधी जमलं?"

बायकोनं जांभई आवरली.

"तुम्ही ह्यांना पंधरा दिवस बस चालवू नका म्हणालात ना, तेव्हा मीही रजा टाकली होती. दुसऱ्या आठवड्यात पोरं आजीकडे होती." ती खुर्ची पुढे ओढत म्हणाली, "डॉक्टर, असं अजून एखादं ऑपरेशन असेल तर सांगा. या खेपेला मी करून घेते."