बेलचे सेल

आठवडाभर गावाला जायचं म्हणून जयवंतराव घरातल्या एकेका वस्तूतले सेल काढत होते. सगळे सेल सुपरमार्केटच्या पॉइंट्सवर फुकट आणलेले, त्यामुळे ते पाझरणारच याची त्यांना खात्री. रिमोट झाला, टॉर्च झाला, भिंतीवरचं घड्याळही झालं.

“अहो, बेलचे राहिले,” बॅगेची चेन लावत कुमुदताईंनी आठवण करून दिली.

जयवंतरावांनी दारावरची बेल उघडली, आतले सेल काढले आणि मुद्दाम विकत आणलेले महागातले सेल खिशातून काढून आत बसवले.

“घर बंद असताना कोण वाजवणार आहे?”

जयवंतराव झाकणाशी खटपट करत राहिले. धाकटा मुलगा भांडून निघून गेल्याला दोन दिवाळ्या उलटल्या होत्या. त्याचं नाव घरात काढायचं नाही, अशी ताकीद त्यांचीच.

“आला एखाद्या वेळेस, तर वाजायला हवी ना. नाहीतर त्याला वाटायचं, आपणच बंद करून ठेवलीय.”

निघताना शेजारच्या दाराशी थांबून कुमुदताईंनी घराची किल्ली दिली. “तन्मय आलाच तर द्या,” त्या चांगल्या मोठ्यानं म्हणाल्या.

बॅगा घेऊन जयवंतराव जिन्यातच उभे होते. त्यांनी हटकलं नाही.