सुईची जागा

नांगरणीच्या तोंडावर मोरूचा बैल बसला, तो काही केल्या उठेना. बैल गेला तर पुन्हा बोटीवर खलाशी म्हणून जाण्यावाचून गत नव्हती. सिंगापुरात एका चिनी वैद्यानं सुया टोचून मोरूची कंबर सोडवली होती. पण माणसाच्या त्या जागा बैलाच्या अंगावर शोधायच्या कशा? शेवटी मोरू बैलाशेजारी ओणवा झाला आणि बायको, आवडा, त्याची पाठ चाचपू लागली.

"हय?"

"जरा खाली... हां, तयच!"

तीच जागा बैलाच्या पाठीवर हेरून तिनं सुई टोचली. मग दुसरी, तिसरी. बैल फुसकारला आणि धडपडत उभा राहिला.

आवडाचा जीव भांड्यात पडला. "आता बोटीवर जायाला नको ना वो?"

"नको," ओणवा मोरू कण्हला, "पण सुई हय आण. कंबर धरली."