राबाचा वास

यशोधराला सिंगल माल्ट व्हिस्की पारखायची नोकरी लागली आणि आईनं अबोला धरला. घरात रोज पंचशील म्हणायचं आणि लेकीनं दारू तोंडाला लावायची? शेवटी यशोधरा नमुन्याची बाटली घेऊनच गावी, तळेघरला आली. “आई, मी पीत नाय. चव घेते आन् थुंकते.” “थुंकायचा पगार देत्यात व्हय?” आईनं नाकाला पदर लावला. यशोधरानं घोटभर ओतून ग्लास पुढं केला. “नुसतं हुंग.” बऱ्याच वेळानं पदर सरकला. “अगं, ह्यो तर राब भाजल्याचा वास!” “ह्या दारूचं धान्य धुरावर वाळवत्यात. मुलाखतीत ह्योच धूर वळखला, म्हणून निवडलं मला. भातरोपांसाठी पालापाचोळा जाळून तू जमीन भाजायचीस, मी पदर धरून मागं असायची. ह्ये नाक तुझंच, आई.” आईनं डोळे पुसले. “लई धूर हाय गं ह्यात,” म्हणाली. ग्लास परत देत तिनं बजावलं, “थुंकत जा मात्र!”