चार बोटे आखूड

नवी पेठेत शाळेचे गणवेश शिवणारी अजीजा, मुली वाढतात म्हणून, प्रत्येक झग्यात थोडे कापड आत दुमडून ठेवत असे. शासनाला तशी सवय नव्हती. दिव्यांगांच्या शिबिरात लेकीला मिळालेला कृत्रिम पाय चार बोटे आखूड निघाला. माप नवव्या वर्षी घेतलेले, आणि मंजुरीची वाट पाहता पाहता ती विनापरवानगी बारा वर्षांची झाली होती. "साहेब, नवं माप घ्या, आणि वाढवून लिहा की," अजीजा म्हणाली. "बाई, पाय हाय, झगा न्हाय! परत केला तर पुन्हा तीन वर्षं थांबा." कारकुनाने हसत पावती पुढे सरकवली. तीवर आधीच छापलेले होते: पाय व्यवस्थित बसला. अजीजाचे पेन थबकले. तेव्हा लेकीने धड पायाचा गुडघा वाकवला, खांदे एका रेषेत आणले आणि म्हणाली, "अम्मी, कर सही. बसला बघ."