पौडचं स्थळ

जुईली बावधनमधल्या एका लग्न जुळवणाऱ्या वेबसाइटची प्रोग्रामर. साइटवरची जुनी स्थळं जावा या प्रोग्रामिंग भाषेतल्या ऑब्जेक्टमध्ये गाठोडी बांधल्यासारखी पडून होती, त्यामुळे सर्चला त्यातलं अक्षरही वाचता येत नसे. जुईलीनं आठवडाभर खपून एकेक गाठोडं सोडलं, त्याचं जेसन, म्हणजे सर्चला वाचता येईल असा साधा मजकूर केला आणि सगळी स्थळं एकामागोमाग सर्चमध्ये सोडली.

चालतंय का बघायला तिनं आपल्या गावाचं नाव टाकलं, 'पौड'. पहिलंच स्थळ आलं: कल्पना, वय बावन्न, शिक्षिका, विधवा. अपेक्षा: संध्याकाळच्या चहाला सोबत हवी.

फोटोत जुईलीची आई होती.

ती तडक जिन्यात गेली आणि घरी फोन लावला.

"आई, तू आमच्या साइटवर नाव नोंदवलंयस?"

आई हळूच म्हणाली, "दोन वर्षं झाली गं त्याला. एकानंही विचारलं नाही. या वयात कोण विचारणार म्हणा! तू हसू नकोस हं."



"हसत नाहीये गं. आई, तुला कुणी नाकारलेलं नाही, तू कुणाला दिसतच नव्हतीस! आजपासून दिसशील, तेवढा तो रेशनकार्डावरचा फोटो आधी बदल."