रंधा मारलेला शिक्का

उत्तमभावजी चार दिवस द्वारकाबाईच्या नजरेला नजर देत नव्हते. काही विचारलं, की तंबाखू मळत बसायचे. कंपन्यांची माल रचायची जुनी लाकडी पॅलेटं आणून त्यांची बाकं करायची वखार तिनं याच धाकट्या दिराच्या भरवशावर चालवली होती. तिला लिहितावाचता येत नव्हतं, पण कीड मारायला विषारी धुरी दिलेल्या लाकडावरचा शिक्का त्यांनीच तिला ओळखायला शिकवला होता. तसलं लाकूड बाजूला काढून कंपनीला परत करायचं, हा तिचा नियम.

आज अंगणवाडीची बाकं टेम्पोत चढत होती. तिनं एकावर सहज हात फिरवला, तर फळी मध्येच खोलगट लागली. नेमक्या शिक्क्याच्या जागी रंधा मारला होता. दुसऱ्या बाकालाही तसंच.

"लाकूड चांगलं जाड होतं, वहिनी," भावजी पुटपुटले. "कुणाला कळणार?"

तिनं सगळी बाकं खाली उतरवून घेतली.

"बारकी पोरं बाकाच्या कडा चावतात, हे तीन लेकरांच्या बापाला मी सांगायचं? जेवायला घरी येत जा, भावजी. वखारीत मात्र पाऊल टाकायचं नाही."