प्रयागबाईचं कालचं जेवण

पोषणाच्या योजनेचा गावाला काही फायदा झाला का, हे बघायला सर्व्हेवाली साधना मेडशीत आली आणि प्रयागबाईच्या अंगणात खाटेवर टेकली.

"काकू, काल दिवसभरात घरात काय काय खाल्लं?"

भाकर आणि ठेचा, हे प्रयागबाईच्या अगदी ओठावर आलं होतं. पण कुंपणापलीकडे शेजारीण ज्योत्स्ना कपडे वाळत घालायच्या निमित्तानं कान टवकारून उभी होती, आणि तिनं मघाशीच साधनाला वरण, भात, भरलं वांगं, वर पापडसुद्धा सांगितला होता. प्रयागबाईनं पदर सावरला.

"पुरनाच्या पोया," ती कुंपणापार जाईल अशा आवाजात म्हणाली. "वरतून तूप. संग कढी आन् वडे."

ज्योत्स्नाच्या हातातलं ओलं लुगडं हातातच राहिलं. मग काय, प्रयागबाईला चेवच चढला.

"रातच्याले शेवयाची खीर केली. चारोळ्या टाकून!" सांगता सांगता तिच्याच तोंडाला पाणी सुटलं.

साधना खुशीत लिहीत होती. "आता शेवटचा प्रश्न, काकू. घरात सगळे जेवले, पण एखाद्याच्या ताटात यातलं काही आलंच नाही, असं झालं का? लाजू नका, बऱ्याच घरांत बायकांना उरत नाही."

ओसरीवर तोंडावर दुपट्टा घेऊन पडलेले प्रयागबाईचे यजमान उकंडराव ताडकन उठून बसले.

"मॅडम, माह्यं नाव लिहा! मले इनं काल निस्ता भाकर-ठेचा देल्ला!"